नवऱ्याच्या अंगठ्याची जागा

शनिवार, १४ मार्च १९९८

नदीपलीकडच्या वाडीतून आज रस्मिया नावाची बाई आली. होडीतून उतरून इस्पितळापर्यंत चालत आली आणि माझ्या टेबलापाशी पोचल्यावर खाली बसली. खुर्चीवर नव्हे, फरशीवरच. वय चौतीस, पाच मुलं. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आत रंग म्हणून नव्हता. तीन महिने अंगावरून लाल जातंय. इतके दिवस काय केलंस, असं विचारलं तर म्हणाली, "आज थांबेल, उद्या थांबेल म्हणत कपडे धूत बसले, बाई. साबणवाला तेवढा श्रीमंत झाला." अशा अवस्थेतही हसणारी माणसं मला फार आवडतात.

डॉ. शाहिंदानं तिला तपासलं. ही कैरोची मुलगी, सरकारनं वर्षभरासाठी आमच्याकडे पाठवलेली. तिशीही गाठलेली नाही, बोलणं मात्र पन्नाशीचं. गर्भाशयात मोठी गाठ आहे. आधी रक्त चढवायचं आणि मग गर्भाशय काढायचं, दुसरा इलाज नाही, असं तिचं म्हणणं. डॉ. फानूस यांनीही पाहून तेच सांगितलं. इस्पितळाचे प्रमुख तेच आणि ऑपरेशनही तेच करतात.

मग मी नेहमीप्रमाणे संमतीचा फॉर्म काढला. नवरा अब्देल-रादी लिबियात आहे, वाळवंटात कुठेतरी विहिरी खणतो. धाकटा दीर खलफ म्हणाला, मी लावतो अंगठा. म्हटलं, नाही बाळा, इथे पती लिहिलंय, पतीच हवा. सासू हज्जा झकिया हिनं मान डोलावली. "त्याच्या घरातली वस्तू काढायची तर त्याला विचारायला नको? उद्या येऊन म्हणाला, माझ्या माघारी हे काय केलंत, तर मी कुठे तोंड लपवू?"

म्हातारी खमकी आहे, पण बोलली ते खरं. एकतीस वर्षं मी या टेबलाशी बसते, नन्स हे इस्पितळ चालवायच्या तेव्हापासून. पुरुषाला न विचारता केलेल्या गोष्टीचा शेवट कसा होतो ते मी पाहिलंय.

मंगळवार, १७ मार्च

दोन बाटल्या रक्त दिलं. रस्मियाच्या ओठांवर जरा रंग आला. लिबियाची विमानं सहा वर्षं बंद आहेत, फोन लागत नाही. खलफनं सरहद्दीवर माल नेणाऱ्या एका ट्रकवाल्याकडे निरोप दिलाय. त्याच्याजवळ फॉर्मही दिला. ट्रकवाला सरहद्दीवरच्या चहावाल्याला देणार, चहावाला पलीकडच्या ट्रकवाल्याला. रस्मिया म्हणाली, "लिबियात गेलेला माणूस वाळूत ओतलेल्या पाण्यासारखा असतो, बाई. गेला हे दिसतं, कुठे गेला ते नाही."

डॉ. शाहिंदा दुपारी आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मादाम ओदेत, बाई सज्ञान आहे, शुद्धीत आहे. तिचीच सही घ्या ना."

मी म्हटलं, पोरी, कायदा आहे.

"कुठला कायदा?"

आता या मुलीला काय सांगायचं! कायदा तो कायदा. चूक झाली तर तुरुंगात हीच जाईल, मी नाही. तिच्याच भल्यासाठी फॉर्मचा गठ्ठा मी खणात ठेवून कुलूप लावलं.

रस्मियानं हे ऐकलं असावं. संध्याकाळी ताप बघायला गेले तर तिनं माझ्या खिशातलं पेन अलगद काढून घेतलं. तिला लिहिता येतं. थोरल्या मुलीच्या पुस्तकातून शिकली, नवऱ्याची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटायची म्हणून. म्हणाली, "दुखतंय मला, वाहतंय माझं, तर सही माझी घ्या." मी पेन परत घेतलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. म्हटलं, तुझी चालत नाही गं, राणी.

शनिवार, २१ मार्च

मातृदिन. रस्मियाची मुलं आली होती, पाचही, धुतलेल्या कपड्यांत. धाकटी तीन वर्षांची. थोरलीनं शाळेत केलेलं कागदाचं फूल आणलं होतं. रस्मियानं ते उशीला टाचणीनं लावलं आणि दिवसभर सगळ्यांना दाखवलं.

हज्जा झकियानं उन्हात फुगवलेले पाव आणले. माझा ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे हे लक्षात ठेवून माझ्यासाठी वेगळे, तुपाविना. सून माझ्या हाती सोपवल्यावर ती निर्धास्त दिसते. आजही म्हणाली, "इथे कायद्यानं चालतं सगळं, म्हणून मी ठेवलीय तिला. सरकारी इस्पितळात नसती ठेवली."

बरं वाटलं ऐकून.

गुरुवार, २६ मार्च

काल रस्मियाला पुन्हा खूप गेलं. खाटेखाली तसराळं ठेवावं लागलं. आज सकाळी डॉ. शाहिंदा माझ्या टेबलावर चक्क बसली आणि म्हणाली, "फॉर्मच्या तळाशी लिहिलंय, कायद्यानुसार आवश्यक. मला तो कायदा दाखवा. साल सांगा, कलम सांगा. दाखवलंत तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

मला रागच आला. दाखवते म्हटलं. दुपारची जेवणं उरकल्यावर आतल्या खोलीतलं जुनं कपाट उघडलं. आत्ताचा छापील फॉर्म नन्स गेल्यानंतरचा. त्याच्या आधीचा टाइप केलेला. त्याच्याही आधीचा हातानं लिहिलेला, १९६९ सालचा. त्यात माझं अक्षर.

फायझा नावाची मुलगी होती. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा नवरा सुएझकडे सैन्यात होता. परत आला, आपल्याला न विचारता बायकोला कापलं म्हणून त्यानं इस्पितळाच्या फाटकातच तिला तलाक दिला. दोन दिवस ती बोचकं घेऊन आमच्या शिरीषाखाली बसून होती, माहेरी जायची हिंमत नव्हती. मी आणि सिस्टर क्लेमांस खिडकीतून बघत होतो आणि रडत होतो. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची. सिस्टर म्हणाल्या, यापुढे नवऱ्याला आधी सांगायचं, त्याच्या सहीनं सांगायचं, म्हणजे पुन्हा कुणी अशी झाडाखाली बसायला नको. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. तीनदा लिहिलं, शाळेत शिकवलं होतं तसं, दौतीत टाक बुडवून, एकही डाग न पाडता. तळाशी "कायद्यानुसार आवश्यक" हे मात्र माझं. आमच्याकडचे पुरुष बाईचं ऐकत नाहीत, ननचंही नाही. कायदा म्हटलं की टोपी काढतात. सिस्टर हसल्या, त्यांनी माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. ओदेत, तू वकील व्हायला हवी होतीस, म्हणाल्या.

किती सुंदर अक्षर होतं माझं! बराच वेळ तो कागद घेऊन बसले. सिस्टरच्या हातांना साबणाचा आणि लवंगेचा वास यायचा.

त्यांनी नंतर कायदा बघून घेतलाच असेल. त्या अशा गोष्टी अर्धवट ठेवत नसत. लबीबला विचारायला हवं.

बुधवार, १ एप्रिल

मिन्या शहरात जाऊन आले. लबीब माझा मावसभाऊ, तीस वर्षं वकिली करतोय, पोट सुटलंय, विनोद तेच. त्यानं फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. म्हणाला, "ओदेत, असा कायदा असता तर पहिल्यांदा मी माझ्या बायकोला दाखवला असता."

असं काही नाही. सज्ञान आणि शुद्धीतल्या माणसाची स्वतःची संमती लागते, मग तो पुरुष असो की बाई. नवऱ्याचं नाव कुठेही नाही. तेव्हाही नव्हतं. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यानं थट्टा सोडली आणि विचारलं, "का गं? कुणाचं काही अडलंय का?" मी म्हटलं, नाही, सहज.

सहज का म्हटलं कोण जाणे.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. फॉर्मवर अंगठा नसल्यामुळे परत गेलेल्या बायका आठवायला लागल्या. पहिली विटांच्या भट्टीवरची, तिचं नाव आठवेना, तिच्या कानातले निळे मणी आठवले. मग दुसरी. चौथीनंतर मी जपमाळ काढली.

शनिवार, ४ एप्रिल

आज डॉ. फानूस यांना सांगितलं. वाटलं होतं, रागावतील. त्यांनी दार लावून घेतलं, मला बसायला सांगितलं, बडीशेपेचा काढा मागवला.

"मादाम, तुम्ही मला हे सांगितलंत," ते म्हणाले, "आणि मी ते ऐकलं नाही. चालेल?"

मी म्हटलं, पण डॉक्टर, कायदाच नाही तर आपण थांबलोय कशासाठी?

त्यांनी काढा ढवळला. "कायदा कैरोत राहतो. मी इथे राहतो. उद्या तिचा नवरा बंदूक घेऊन दारात उभा राहिला, तर कैरोहून कोण येणार आहे? आणि आजवर ज्यांना आपण परत पाठवलं, त्यांच्या घरच्यांना हे कळलं तर? फाटकाला कुलूप लावावं लागेल. नन्सचं नाव मातीत जाईल. तुमच्या सिस्टर क्लेमांसचंही."

त्यांच्या बायकोचं गेल्या वर्षी निधन झालं, तेव्हापासून ते फार दमलेले दिसतात. वाईट माणूस नाही. गरिबांवर फुकट ऑपरेशनं केलीत त्यांनी, शेकड्यांनी.

अंगठ्याचा कागद लिबियाहून येईलच. मग हा प्रश्नच उरणार नाही. तोवर गप्प राहण्यात कुणाचं नुकसान आहे, असं मला वाटत नाही. डॉ. शाहिंदा दोनदा दारावरून गेली, दोनदा मी रजिस्टरमध्ये मान घातली.

मंगळवार, ७ एप्रिल

बकरीद. वाडीहून रस्मियासाठी कुर्बानीचं मटण आलं. तिनं दोन घास खाल्ले आणि बाकीचं शेजारच्या खाटेवर दिलं. पाचवी बाटली चढवली. खलफनं दिलं रक्त, तो आता स्वतःच पांढरा दिसतो. तिनं त्याला चिडवलं, "आता माझ्या अंगात तुझं रक्त आहे, म्हणजे घरी जाऊन मीही तुझ्यासारखी आळशी होणार."

लिबियाहून काही नाही.

शुक्रवार, १० एप्रिल

रस्मिया न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. डॉ. शाहिंदानं आणि मी तिला उचललं. केवढी हलकी! हात धुताना डॉ. शाहिंदा काहीच बोलली नाही, वाद घातला नाही, टोमणा मारला नाही. ते मला सहन झालं नाही. मी तिला सगळं सांगितलं, लबीबचं म्हणणंही.

तिनं नळ बंद केला. "कधी कळलं तुम्हाला?"

एक तारखेला, म्हटलं.

तिनं बोटांवर मोजलं. नऊ. मग कंबरेवर हात ठेवून ती थेट डॉ. फानूस यांच्या खोलीत गेली. आवाज बाहेरपर्यंत येत होते. तासाभरात तिला पत्र मिळालं. उद्यापासून तिनं दूरच्या खेड्यातल्या लसीकरण केंद्रावर हजर व्हायचं आहे.

जाताना माझ्याकडे आली. "मी तिला सांगू शकत नाही, मला वॉर्डात जायला बंदी केलीय. तुम्ही सांगा. आजच सांगा. आणि मिन्याला घेऊन जा, तिथे माझी वर्गमैत्रीण आहे, ती करेल." एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. घाईत लिहिलेलं, डॉक्टरांचं असतं तसं गिचमीड अक्षर.

रविवार, १२ एप्रिल

झावळ्यांचा रविवार. काल सांगणार होते, पण रस्मिया झोपली होती. आज चर्चमधून आले, झावळीचा विणलेला क्रूस तिच्या हातात दिला. ती मुसलमान आहे, पण वस्तू सुंदर होती. तिनं तो उलटसुलट करून पाहिला, वीण कशी घातलीय ते बघितलं.

मग सांगितलं. तुझी सही चालते, रस्मिया. कायद्यात तुझीच लागते.

ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करतेय. मग म्हणाली, "आता झाला का हा कायदा? ईदेला केला का सरकारनं?"

नाही, म्हटलं. पहिल्यापासून असाच आहे. चुकून झालं.

"मग डॉक्टर उद्या करतील?"

मी म्हटलं, डॉ. फानूस कागदाशिवाय करणार नाहीत. पण मिन्याला एक डॉक्टरीण आहे. हा आठवडा आमच्या दुःखसप्ताहाचा, रोज प्रार्थना असते, इस्पितळात माणसंही कमी. सण झाला की एकवीस तारखेला, मंगळवारी, मी स्वतः तुला गाडीनं घेऊन जाईन. माझ्या भावाकडे राहू.

ती छताकडे बघत होती. मग विचारलं, "तुम्ही माझ्या हातातून पेन घेतलंत, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

नाही गं, शपथ, म्हटलं. मला या महिन्याच्या एक तारखेला कळलं.

"आज बारा."

एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. औषधामुळे गुंगी येते. क्रूस खाटेवरून खाली पडला होता, मी उचलून तिच्या उशाशी ठेवला.

माझं मन मात्र हलकं झालं. खरं बोलल्यावर असंच होतं, सिस्टर म्हणायच्या.

मंगळवार, १४ एप्रिल

रस्मिया घरी गेली. सकाळी हज्जा झकिया आली तेव्हा हिनं आधीच बोचकं बांधलं होतं. मी म्हटलं, अगं एकवीसला जायचंय ना आपल्याला? म्हणाली, "पोरं वाट बघतायत, बाई." बरोबरच आहे. महिना झाला आईला दूर राहून, तिचा जीव कसा रमेल? आठवडाभर मुलांत राहील, ताकद येईल, मग प्रवासही सोपा जाईल.

डॉ. फानूस म्हणाले, स्वतःच्या जबाबदारीवर जात असल्याचा फॉर्म भरून घ्या. त्या फॉर्मवर पती वगैरे काही नसतं, रुग्णाची स्वतःची सही लागते. मला आनंद झाला. म्हटलं, घे, ही तुझी सही, हिला कुणी नाही म्हणणार नाही. तिनं पेन घेतलं आणि पूर्ण नाव लिहिलं, बापाचं आणि आजोबाचंही. मोठी, वळणदार अक्षरं. मी कौतुक केलं.

होडीपर्यंत खलफनं तिला पाठुंगळी नेलं.

शनिवार, १८ एप्रिल

काल गुड फ्रायडे. सकाळी सहापासून चर्चमध्ये होते. संध्याकाळी घरी येऊन मोड आलेल्या बाकल्यांचं सूप घेतलं आणि झोपले. आज सकाळी कामावर गेले तेव्हा कळलं.

काल दुपारी तिला खूप गेलं. खलफ तिला होडीनं घेऊन आला. आमच्या दारात आला तेव्हा ती गेलेली होती. डॉ. फानूस यांनी स्वतः डोळे मिटवले. तिच्या अंगावर बायकोची चादर घातली म्हणे, घरून आणवून.

आज ईस्टरची अंडी रंगवायची होती. शेजारच्या मुली आल्या, त्यांना परत पाठवलं.

शनिवार, ९ मे

अब्देल-रादी आला. उंच, वाळलेला, ओठ फुटलेले. निरोप त्याला वीस एप्रिलला मिळाला, पासपोर्ट मुकादमाकडे अडकलेला, तो सोडवून सरहद्द ओलांडायला एवढे दिवस लागले. ती गेल्याचं त्याला होडीवाल्यानं सांगितलं.

माझ्या टेबलासमोर तो उभाच राहिला. बसा म्हटलं, बसला नाही.

"मी नको म्हणालो, असं कोण म्हणतं?"

मी म्हटलं, कुणीच नाही.

"तिचे भाऊ म्हणतात. अब्देल-रादीनं कागद पाठवला नाही म्हणून आमची बहीण मेली, म्हणतात. त्यांनी अजून शोकाचा मांडव घातला नाही. कुणाचं सांत्वन घेत नाहीत."

मेलेल्याचे भाऊ सांत्वन घेत नाहीत म्हणजे सूड बाकी आहे, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. ते एका माणसाची वाट बघतायत, आणि तो माणूस आज गावात आलाय.

"बाई, ती माझ्या पाच पोरांची आई. तिचा जीव वाचवायला मी नको म्हणणार होतो?" तो म्हणाला. "मला विचारायचं तरी कशाला? मी काय डॉक्टर आहे? मी विहिरी खणतो."

मी त्याला पाणी दिलं. ते प्यायला आणि म्हणाला, "तो कागद काढा. अंगठा कुठे लावायचा असतो तो?"

मी दाखवलं. नवऱ्याच्या अंगठ्याची जागा, उजव्या कोपऱ्यात, चौकोन. त्यानं शाईच्या गादीवर अंगठा दाबला आणि कागदावर ठेवला, आणि उचलेचना. मग मला म्हणाला, तारीख घाला, बाई. ती होती तेव्हाची घाला. तिच्या भावांना दाखवता येईल.

रविवार, १० मे

तारीख रिकामी ठेवून काल त्याला पाठवलं होतं. इतकी वर्षं मी कधी खोटी तारीख घातली नाही. आज डॉ. फानूस यांना विचारलं. वाटलं, नाही म्हणतील. त्यांनी कागद हातात घेतला, जरा विचार केला, आणि त्यांचा चेहरा एकदम निवळला. म्हणाले, "माणसाचा जीव वाचतोय, मादाम. घाला तारीख."

कुठली घालू, असं विचारलं. तिला मी खरं सांगितलं तो दिवस माझ्या मनात होता. बारा एप्रिल, म्हटलं. उत्तम, म्हणाले, आणि खाली लिहा, ऑपरेशन एकवीस तारखेला ठरलं होतं. तुम्हीच ठरवलं होतंत ना एकवीसला? हो, म्हटलं, मीच ठरवलं होतं.

सुवाच्य अक्षरात लिहिलं. एक प्रत अब्देल-रादीला दिली, एक फाईलला लावली.

गुरुवार, १४ मे

देवाची कृपा. काल गावच्या मुखियासमोर तिच्या भावांनी कागद वाचून घेतला. थोरला भाऊ म्हणाला म्हणे, "म्हणजे नवऱ्यानं दिली होती परवानगी. तिचाच हट्ट. पोरीची जात, दम धरवला नाही." आज त्यांनी मांडव घातला. अब्देल-रादी त्यांच्या रांगेत उभा राहिला, त्याच्या हातात त्यांनी कॉफी दिली.

एक माणूस वाचला, पाच मुलांचा बाप. इतक्या दिवसांनी आज मला जेवण गेलं.

मंगळवार, २६ मे

आरोग्य खात्याचे निरीक्षक आले होते. डॉ. शाहिंदानं तक्रार केली आहे. नवऱ्याची संमती नाही या कारणावरून महिनाभर ऑपरेशन अडवलं, अशी संमती कायद्यात लागत नाही, आणि बाई मेली. चार पानं लिहिलीत. तिच्या त्या गिचमीड अक्षरामुळे निरीक्षकांना वाचायला त्रास होत होता, काही शब्द मीच लावून दिले.

साठीच्या आसपासचे, सौम्य गृहस्थ. फाईल उघडून म्हणाले, "मादाम, चाळीस इस्पितळं बघितली, असा नीट ठेवलेला कागद क्वचित दिसतो." नन्सनी शिकवलं, म्हटलं. त्यांची बहीणही नन्सच्या शाळेतली निघाली.

मग त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. बारा एप्रिल, नवऱ्याचा अंगठा. चौदा एप्रिल, स्वतःच्या जबाबदारीवर जात असल्याचा फॉर्म.

"नवऱ्याची संमती बाराला आली होती?"

कागद समोरच होता. मी मान हलवली. डॉ. फानूस खिडकीबाहेर बघत होते. क्षणभर वाटलं, सांगावं. पण सांगितलं तर वाडीत तो कागद खोटा ठरला असता, आणि अब्देल-रादी कालच मुलांना घेऊन होडीनं आला होता, माझ्यासाठी खजूर ठेवून गेला होता.

"मग अडवलं कुणी?" निरीक्षक स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "या डॉक्टरबाईंना समज द्यावी लागेल." त्यांनी दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. "ही सही तिची स्वतःची?"

तिचीच, म्हटलं.

"तिला लिहितावाचता येत होतं?"

येत होतं, म्हटलं. स्वतः शिकली होती. मुलीच्या पुस्तकातून.

"मग झालं तर. आपण कशावर सही करतोय ते तिला कळत होतं."

त्यांनी तक्रारीवर दोन ओळी लिहिल्या, मला वाचायला दिल्या. रुग्णानं समजून उमजून उपचार नाकारले. कुणाचाही दोष नाही.

मला काहीतरी सांगायचं होतं. उपचार तिनं नाकारले नव्हते, असं काहीतरी. पण ते वाक्य पुढे कसं न्यायचं ते मला सुचेना, आणि तोवर त्यांनी पुढची फाईल मागितली होती.